फडक्याखाली ठरलेली नववी

भोपाळला दोन्ही पक्षांच्या आमदारांनी एका कायद्यावर एकाच बाजूने हात वर केले, ही बातमी आली तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात डाळ चाखून पाहत होते. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने जेवण चाखायचं असतं. त्या दिवशी पाळी माझी होती. फोन वाजला. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की सरकारी शाळांचा कायदा मंजूर झाला आणि विरोधात एकही मत पडलं नाही. मी आधी डाळीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, मग बातमी पुन्हा वाचली.

कायदा साधा होता. ज्या गावात सरकारी शाळा आठवीला संपते तिथे नववी-दहावी उघडता येईल. शिक्षक सरकार देईल, खोल्या सरकार बांधेल. गावाने दोनच कामं करायची. शाळेला लागून जमीन द्यायची आणि ग्रामसभेत एकमताने ठराव करायचा. एकमताने म्हणजे एकही हात विरोधात नको. भोपाळच्या लोकांना वाटलं असेल, आपण एवढे भांडणारे एक झालो, मग एका गावाला काय जड आहे. त्यांनी हे गाव पाहिलेलं नव्हतं.

गाव सौंसरहून बोरगावकडे जाताना हायवेच्या आत थोडं उतरून आहे. मी सौंसरला राहते आणि रोज स्कूटीने तिथे जाते. बरीच वर्षं या शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. प्रभारी म्हणजे काम सगळं, खुर्ची उसनी. शाळेच्या उगवतीला एक संत्र्याचा बगीचा, मावळतीला दुसरा, आणि मध्ये चिमटीत धरल्यासारखी आमची शाळा. उगवतीचा बगीचा गावच्या माजी सरपंचांचा. त्यांना सगळे पाटील म्हणतात. त्यांची विहीर आमच्या कुंपणापासून झाडांच्या चार ओळी सोडून आहे. मोटर सुरू झाली की सहावीच्या वर्गात शिकवलेलं काही ऐकू येत नाही. मावळतीचा बगीचा संत्र्याच्या व्यापाऱ्याचा. त्यांना सगळे शेठ म्हणतात. पाटील एका पक्षाचे, शेठ दुसऱ्या पक्षाचे. पंचायतीच्या एका जुन्या निवडणुकीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात दोघांना एकाच पंगतीत बसवू नये, एवढं गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

मला दोन बाजूंचं नवल नाही. माझं माहेर पांढुर्ण्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारे आणि तिसऱ्या दिवशी एकाच दुकानात चहा पिणारे लोक मी लहानपणापासून पाहिले आहेत. पण पांढुर्ण्यात ते वर्षातून एकदा असतं. या दोघांचं बारमाही होतं.

डाळीत मीठ टाकत होती ती स्वयंपाकीण. महिलांच्या बचत गटातर्फे ती शाळेत पोळ्या-भाजी करते. तिची मुलगी तेव्हा आठवीत होती. कबड्डीत मुलांना ओढून आणणारी, वर्गात उत्तर येत असो वा नसो, हात आधी वर करणारी. मी बातमी सांगितली तेव्हा स्वयंपाकिणीने पोळी उलटवली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आपल्याच गावात नववी होईन?"

"ठराव झाला तर."

"मग माही पोरगी शिकन. नाही झाला तर नाही शिकणार."

"सौंसरला पाठव ना. सायकल मिळते सरकारची."

"सायकल मिळते, मॅडम. हायवेवरचे ट्रक कोण थांबवून देते? थंडीत साडेपाचले अंधार पडते. मी इथं पोळ्या पाहू का रस्त्यावर जाऊन उभी राहू? सीझनमध्ये शेठकडं संत्रा छाटायले येईन माह्यासंग. घरी तर राहीन."

ती हे रागाने बोलत नव्हती, रडतही नव्हती. हिशेब करून ठेवलेला होता. मला तिच्याशी वाद घालता आला नाही, कारण त्या रस्त्याने मी रोज जाते.

दोन दिवसांत शाळेच्या कुंपणावर दोन फ्लेक्स लागले. उगवतीच्या बाजूला पाटलांच्या पक्षाचा: नवीन शाळा कायदा आणल्याबद्दल आमच्या नेत्यांचे आभार. मावळतीला शेठच्या पक्षाचा, मजकूर तोच, चेहरे वेगळे. दोन्हींवर हात जोडलेले. कायद्याला दोन्ही पक्षांनी मत दिलं होतं, म्हणून तो दोघांचाही होता, आणि नेमकं तेच दोघांना सहन होत नव्हतं. आमचे मानधनावर येणारे अतिथी शिक्षक म्हणाले, "मॅडम, एकानं विरोध केला असता तर बरं झालं असतं. निदान भांडण कशावर आहे ते तरी समजलं असतं."

एप्रिलमध्ये ग्रामसभा झाली. पंचायतीच्या खोलीत माणसं मावत नाहीत म्हणून सभा शाळेच्या व्हरांड्यातच होते. सरपंच बाई आहेत, तरुण आणि समजदार. पण पाटील आणि शेठ दोघंही नात्यागोत्याने त्यांचे सासरे लागतात. सभेत त्या डोक्यावरचा पदर धरून बसतात आणि जे बोलायचं ते पंचायतीच्या सचिवाच्या कानात सांगतात.

पाटील उठले. "शाळेले लागते तेवढी जमीन मी देतो. फाटकावर माह्या वडलांचं नाव पाहिजे."

शेठ बसल्या जागेवरून सचिवाला म्हणाले, "त्याईले सांगा, जमीन मी देतो. आमच्या पक्षानं कायदा आणला. नाव माह्या आईचं."

"त्याईले सांगा," पाटीलही सचिवालाच म्हणाले, "त्याईच्या पक्षानं हात वर केला, तो आमच्या पक्षाचा हात पाहून."

"त्याईले म्हणा, हात कोणी आधी वर केला ते टीव्हीवर दिसते."

दोघं एकमेकांपासून चार हातांवर होते. सचिव मान इकडून तिकडे फिरवून दमला. शेवटी हात वर करायची वेळ आली तेव्हा पाटलांची जमीन घ्यायला शेठ आणि त्यांची माणसं विरोधात, शेठची घ्यायला पाटील आणि त्यांची माणसं विरोधात. गावाला दोन दाते मिळाले होते आणि शाळेला वीतभर जागा मिळाली नाही. मागच्या रांगेत एक म्हातारी उठता उठता म्हणाली, "जामसांवलीचे निजलेले मारुती एक दिवस उठून बसतील बाप्पा, पण हे दोघं एका सतरंजीवर बसणार नाहीत."

सचिवाने कागदावर लिहिलं की ठराव बारगळला. एप्रिल संपायच्या आत पुन्हा सभा घ्यायची परवानगी होती, त्यानंतर प्रकरण पुढच्या वर्षावर जाणार होतं.

आमच्याकडे शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. दुसऱ्या दिवशी नव्या आठवीचा वर्ग घेतला तर शेवटच्या रांगेत स्वयंपाकिणीची मुलगी बसलेली. निकाल लागून गेला होता. ती चांगल्या गुणांनी पास झाली होती.

"तू इथे कशी?"

"शिकायले आली, मॅडम."

"तू पास झालीस ना?"

"मी पास झाली. शाळा आठवीत अटकली. ती पुढं जाईपर्यंत बसते म्हटलं."

वर्ग हसला, मीही हसले. तिला उठवलं नाही. त्या दिवसापासून ती रोज येऊन बसायची, नव्या मुलांना गणितं सोडवून द्यायची, त्यातली निम्मी चुकीची. मी फक्त चुका दुरुस्त करत होते. हजेरीत तिचं नाव नव्हतं, पण दुपारी ताट लागायचं. तिची आई तिला वाढताना माझ्याकडे बघायची नाही.

मी आधी पाटलांकडे गेले. त्यांनी चहा दिला, कायद्याची सगळी कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, जमिनीचा प्रश्नच नाही. पण आर्धी माही अन् आर्धी त्याईची, असं म्हणसान तर लोकं म्हणतीन पाटील वाकला."

मग शेठकडे गेले. ते घरी नव्हते, हायवेवरच्या त्यांच्या शेडमध्ये होते. मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी उतरणाऱ्या फळांचा, शेवटचा माल चालू होता. बायका संत्री छाटत होत्या, मोठी एकीकडे, लहान एकीकडे, आणि कॅरेट भरून ट्रकमध्ये चढत होते. मी एक संत्रं उचललं. पातळ साल, जड फळ.

"चांगला माल आहे. कोणाचा?"

शेठ थोडे घुटमळले. "पाटलांचा."

"तुम्ही तर बोलत नाही त्यांच्याशी."

"त्यात बोलायचं काय काम आहे? त्याईचा बहार दरवर्षी मीच घेतो. दलाल मधात बसते, हातावर दुपट्टा टाकते. हात बोलते. तोंड उघडावं लागत नाही."

"आणि सौदा कधी फिसकटला?"

शेठना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "सौदा कायले फिसकटन, मॅडम? सौदा म्हणजे सौदा."

मी त्यांना नववीबद्दल एक शब्द विचारला नाही. संत्रं खाल्लं, हात धुतले आणि निघाले.

माझे वडील पांढुर्ण्याला संत्र्याचे दलाल होते. बगीच्याचा भाव आमच्याकडे तोंडाने ठरत नाही. विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे, मध्ये दलाल. वरून दुपट्टा. दलाल एकाचा हात धरतो, तो जेवढी बोटं दाबेल तेवढा आकडा. मग तो आकडा दुसऱ्याच्या हातावर दाबून पोहोचवायचा. बघणाऱ्यांना काही कळत नाही. आकडा मान्य असेल तर मूठ मिटायची. कोण किती खाली आलं, कोण किती वर गेलं, हे फडक्याखालीच राहतं, म्हणून कोणी वाकल्याचं दिसत नाही. वडील आम्हा बहिणींना हा खेळ दिवाळीत शिकवायचे. उशीच्या अभ्र्याखाली हात धरून करंज्या किती, ते ठरवायचं. मी नेहमी जास्त घ्यायचे. वडील म्हणायचे, दलालाने गप्प राहावं, पण खोटा आकडा कधी पोहोचवू नये, नाही तर दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात कोणी धरत नाही.

दुसरी सभा महिन्याच्या शेवटी ठेवली. शनिवार सुचवला होता, तो सरपंचबाईंनी बदलून घेतला, कारण शनिवारी गावातले बरेच लोक जामसांवलीला नारळ-फुलांची दुकानं लावतात. त्या दिवशी व्हरांडा पहिल्या सभेपेक्षा जास्त भरला. भांडण बघायला लोक वेळ काढतात. पाटील उगवतीच्या खांबाशी बसले, शेठ मावळतीच्या. स्वयंपाकघराच्या दारात स्वयंपाकीण आणि तिच्या मागे तिची मुलगी.

सरपंचबाई मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमीच बोला. दोघंही सासरे. मी बोलली तर दोन्ही घरचा चहा बंद होईन."

मी उभी राहिले. "आज भाषण नाही. आज सौदा आहे."

मागून आवाज आला, "शाळा विकून राहिल्या का, मॅडम?"

"घेऊन राहिले," मी म्हटलं. लोक हसले, आणि हसले म्हणजे ऐकतात. "पाटील जमीन देतो म्हणतात, शेठही देतो म्हणतात. दोघांवरही माझा विश्वास आहे. पटवारी पाहून गेला आहे. एका बगीच्यातल्या झाडांच्या चार ओळी मिळाल्या तरी खोल्यांचं काम भागतं. कोण किती ओळी देतो ते आज तोंडाने सांगायचं नाही. हाताने सांगायचं. मध्ये मी बसते."

व्हरांड्यात एकदम कुजबुज झाली. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. शेठ म्हणाले, "सचिवसाहेब, मॅडमले विचारा, दलाली त्याईले जमते काय?"

"पांढुर्ण्याच्या दलालाची मुलगी आहे मी," मी सरळ शेठनाच म्हटलं. "जमते की नाही ते हातात हात दिल्यावर कळेल."

मग दुपट्ट्यावरून अडलं. पाटलांनी खांद्यावरचा काढून दिला. शेठ म्हणाले, त्याईच्या दुपट्ट्याखाली मी हात घालणार नाही. शेठनी आपला काढला, तर पाटील म्हणाले, त्याले अत्तराचा वास येते, मले शिंका येतात. सचिवाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात स्वयंपाकीण उठून आत गेली आणि एक मोठं पांढरं फडकं घेऊन आली.

"हे घ्या. पोळ्या झाकायचं हाये. सकाळीच धुतलं."

या फडक्यावर कोणाला हरकत घेता येईना. दोघांच्याही नातवंडांनी त्याखालच्या पोळ्या खाल्ल्या होत्या.

मी व्हरांड्याच्या मधोमध सतरंजीवर बसले. दोघांना दोन बाजूंना बसायला सांगितलं. शेठ व्यापारी माणूस, त्यांनी हात लगेच फडक्याखाली सरकवला. पाटील हात पुढे करेनात.

"काय झालं?"

"मॅडम, बाईमाणसाचा हात," पाटील खाली बघत म्हणाले, "चारचौघात कसा धरू?"

"पाटील, तुमच्या नातवाचं नाक वर्षभर याच हाताने पुसलं आहे. तेव्हा तुम्ही आला नाहीत विचारायला. आत्ता मी दलाल आहे."

मागच्या रांगेतली ती म्हातारी ओरडली, "धरा ना पाटील. मॅडम कायले पळून जाते तुमच्यासंग." बायकांनी तोंडाला पदर लावले. पाटलांचे कान लाल झाले, पण हात आला.

शेठनी पहिलं एक बोट दाबलं. व्यापारी खालूनच सुरू करतो. मी एक पोहोचवलं. पाटलांनी माझ्याकडे न बघता दोन दाबली. मी दोन पोहोचवली. शेठ जरा थांबले, फ्लेक्सवरच्या आपल्या नेत्याकडे पाहिलं, तीन. पाटलांना तीन कळल्याबरोबर त्यांनी अशी चार बोटं दाबली की माझी बांगडी मनगटात रुतली.

जन्मभर मी उलटे सौदे पाहिले होते. घेणारा चढतो, विकणारा उतरतो. इथे दोघंही देणारे, आणि दोघंही चढत होते. एका बाजूच्या चार ओळींची माझी गरज पाटलांनी एकट्यानेच भागवली होती. तिथेच थांबवावं, असं एकदा मनात आलं. पण थांबवलं तर पाटील जिंकले, शेठ हरले, आणि हात वर करायच्या वेळी शेठची सगळी माणसं विरोधात. खोल्यांपुरती जमीन मिळणार होती आणि नववी जाणार होती. मी चार शेठच्या हातावर पोहोचवली आणि वाट पाहिली.

शेठचा अंगठा पाचव्या बोटाकडे गेला. तिथे गेला आणि थांबला. ते काही मोजत होते. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी आईच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघत होती, जणू फडक्याच्या आरपार दिसेल. शेठनी मान वर केली आणि खूप वर्षांनी पाटलांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मग अंगठा मागे आला. त्यांनी चार बोटं दाबली, हलकेच, आणि मूठ मिटली.

मी चार आणि मिटलेली मूठ पाटलांना पोहोचवली. ते पाचव्याची वाट बघत होते. त्यांचा हात पुढच्या आकड्यासाठी ताठ होता, मला जाणवत होतं. ते पाचवं आलं नाही. थोड्या वेळाने तो हात सैल पडला आणि त्यांनीही मूठ मिटली.

"झाला," मी म्हटलं आणि फडकं ओढलं.

"किती?" चारी बाजूंनी आलं.

"चार पाटलांच्या, चार शेठच्या."

"म्हणजे जास्त कोणाचं?"

"कोणाचंच नाही. आणि फाटकावर नाव शाळेचं."

सरपंचबाईंनी ती संधी सोडली नाही. पदर सांभाळत त्या पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या, "ज्याईले मान्य त्याईनं हात वर करा." हात वर गेले. सचिव मोजायला उठला आणि मोजायचं थांबला, कारण खाली एकही हात नव्हता. लिहिताना तो एवढा खूष होता की ठरावाच्या कागदावर त्याने दोनदा सही केली.

लोक उठत होते. तेव्हा पाटील सचिवाकडे न बघता, सरळ शेठना म्हणाले, "पाचवी काऊन नाही दाबली? हिंमत नाही झाली?"

शेठ चपला शोधत होते. "मी पाच दाबली असती तर तुमी सहा दाबली असती. मले माहीत नाही का तुमी? पाचव्या ओळीत तुमची विहीर हाये. शाळेले विहीर देऊन बगीच्याले ओलित कायनं केलं असतं?"

पाटलांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.

"अन् मग," शेठ चप्पल पायात घालत म्हणाले, "पुढच्या बहाराचा माल मी कोणाचा घेतला असता?"

पाटील हसले नाहीत. पण दोघं फाटकापर्यंत एकाच वाटेने गेले, आणि फाटकाशी उभे राहून कायदा कोणाच्या पक्षाने आणला यावर भांडू लागले. यावेळी सचिव मध्ये नव्हता. सरपंचबाई म्हणाल्या, "चला, मधला माणूस सुटला." मी मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे गेले. स्वयंपाकीण पीठ मळत होती. तिची मुलगी आठवीच्या खोलीतून दप्तर घेऊन आली आणि मला विचारलं, "मॅडम, आता बसायचं कुठं?" मी म्हटलं, सुट्टीनंतर ये, तोवर घरी बस. ती घरी बसली नाही. मे महिनाभर पटवारी जमीन मोजायला यायचा तेव्हा त्याची साखळी धरून ती ओळीओळीत फिरत होती, आणि त्यालाच सांगायची की इथं कबड्डीचं मैदान होणार हाये, नीट मोजा.

जुलैत नववी सुरू झाली. खोल्या बांधून व्हायच्या होत्या, म्हणून वर्ग सामानाच्या खोलीत बसला. गणिताचे शिक्षक छिंदवाड्याहून बदलून आले. ते मराठी शिकतात आणि मुलं त्यांची चेष्टा करतात. सौंसरला जाणार नव्हत्या अशा मुली त्या वर्गात आल्या, शेजारच्या वाड्या-वस्त्यांतल्याही काही आल्या. मीच प्रवेश दिले आणि मीच ओरडले, कारण बाक कमी पडले. ते दोन फ्लेक्स मी सभेच्या दुसऱ्याच दिवशी उतरवले होते. स्वयंपाकिणीने ते एकमेकांना जोडून शिवले आणि स्वयंपाकघराच्या मागच्या सरपणावर टाकले. दोन्ही पक्ष पावसात ठणठणीत राहिले. शिवण कुठून गेली आहे हे जवळ जाऊन पाहावं लागतं.

दोन्ही बाजूंच्या कडेच्या झाडांना आम्ही हात लावू दिला नाही. ठेकेदार कुरकुरला, पण मैदानाच्या दोन्ही काठांना एकेक ओळ राहिली. थंडीत त्यांना आंबिया बहाराची फळं पिकली. मुलांना रोज एक-एक मिळालं तरी उरत होती. तेव्हा शेठ एक दिवस शाळेत आले.

"मॅडम, तुमचा माल पाहून राहिलो. द्यायचा काय?"

"मला विचारू नका. झाडं शाळेची. नववीला विचारा."

नववीने स्वयंपाकिणीच्या मुलीला पुढे केलं. ती धावत जाऊन पोळ्यांचं फडकं घेऊन आली. मी मध्ये बसायला गेले तर तिने हात आडवा केला. "दलाल नाही लागत, मॅडम. घरचाच माल हाये."

सौदा पैशांचा नव्हता. मुलांना व्हॉलीबॉल पाहिजे होते, जाळ्यासकट. शेठनी हात फडक्याखाली घातला. एक बोट. तिने त्यांचा हात दाबला तो नुसता आकड्याने दाबला नाही, कबड्डीने दाबला. शेठचा चेहरा बदलत गेला. पाटील कुंपणाच्या पलीकडून, विहिरीवरून बघत होते. त्यांनी मोटर बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. खरं तर ऐकण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी शेठनी मूठ मिटली, हात बाहेर काढला आणि बोटं झटकली. "लय लुटलं मले," ते म्हणाले, आणि खूष दिसत होते. "मॅडम, हे पोरगी दहावी झाली की माह्याकडं पाठवा. शेडवर सौदे करन."

उत्तर मी द्यायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

"दहावीच्या नंतर अकरावी असते, शेठ," मुलीची आई म्हणाली. हात पिठाचे होते, ते तिने पदराला पुसले आणि पुढे केले. "अन् माहं फडकं वापस करा. पोळ्या उघड्या पडल्या."